सुखदेवचे पाहुणे

सुखदेवची ती शेवटची लढत कोणी ठरवली, हे मी आजवर कोणालाही खरं सांगितलेलं नाही. घरातही नाही. पांढुर्ण्यात आणि सौंसरमध्ये सगळे समजतात की त्यानंच हट्टानं ती अंगावर घेतली. तसं समजतात, कारण मीच तसं सांगितलं. पण आधी सुखदेव कसा होता ते सांगतो. तो कळल्याशिवाय मी काय केलं तेही कळणार नाही.

समोर कोण येणार आहे, हे न विचारणारा मुक्केबाज मी तेवढा एकच पाहिला. बाकीची पोरं लढत पक्की होण्याआधी जीव खातात. कुठला आहे, उजवा हात कसा आहे, कोणाला पाडलंय, व्हिडिओ आहे का. सुखदेवपुढे मी मोबाइल धरला की तो हातानं बाजूला सारायचा. त्याचा प्रश्न ठरलेला असे, “पाहुणा पक्का झाला काय, सर?” प्रतिस्पर्धी हा शब्द त्याच्या तोंडी कधी आला नाही. समोरचा तो पाहुणा. नाव सांगू लागलो तर म्हणायचा, “नाव कायले पाह्यजे? सामने आला का दिसतेच. तुमी पाहून राहिले ना, मंग झालं.”

आणि पाहुण्याचं सगळं तो पाळायचा. लढत संपली, जिंकला काय नि हरला काय, हातावरच्या पट्ट्या सुटायच्या आत तो समोरच्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. नागपूरला एका पोराचे ओठ त्यानं फोडले होते. त्या पोराला काही चावता येईना. सुखदेवनं कुठून तरी दहीभात आणला, बोटांनी कुस्करला आणि त्याच्यापुढे ठेवला. पोरगं रागानं बघत होतं. सुखदेव म्हणाला, “खाय रे बापा. पाहुण्याले उपाशी धाडलं तं माई बायको मले घरात नाई घेनार.” शेवटी ते पोरगं हसलं, आणि हसल्यामुळे त्याचा ओठ पुन्हा फुटला.

तो माझ्याकडे आला तो पांढुर्ण्याच्या आखाड्यातून. मी सौंसरच्या शाळेत व्यायामशिक्षक. कॉलेजात असताना नागपूरला थोडंफार बॉक्सिंग शिकलो होतो, त्या बळावर संत्र्याच्या एका शेडमध्ये पोरांना शिकवायचो. बहार संपला की शेड रिकामी असायची, पण सालींचा वास वर्षभर भिंतींतून येत राही. एक दिवस आखाड्याचे उस्ताद स्वतः बसनं आले. थकलेला माणूस, गुडघे गेलेले. सोबत हा दांडगा पोरगा, खाली मान घालून उभा. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं आणि माझ्या हातात दिलं.

“मास्तर, मातीत हा कमी नाई, पन याचं मन मुक्क्यात हाय. घेऊन जा. फक्त याची जोड पाहून लावजा. याले ना म्हनता येत नाई.”

मी मान डोलावली. तेव्हा मला ते नेहमीचं बोलणं वाटलं.

जोड म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कुस्त्यांच्या दंगलीत उभं राहिल्याशिवाय समजत नाही. पोळा झाला की गावोगाव माती खणली जाते. कोणाची कुस्ती कोणाशी, हे आधी ठरलेलं नसतं. उस्ताद दोघांची मनगटं धरून त्यांना सगळ्या लोकांसमोरून फिरवतात. म्हातारे पुढे येऊन मान दाबून बघतात, दंड चाचपतात. कोणी ओरडतो, हे जमत नाही, तो भारी आहे. कोणी ओरडतो, लावा, बरोबरीची आहे. मग दोघांनी एकमेकांना हात द्यायचा. हात दिला तर कुस्ती. ज्याला लढायचं नाही त्यानं हात पाठीमागे ठेवायचा, एवढंच. कोणी हसलं तर उस्ताद त्याच्याकडे असे बघत की तो दुसऱ्या वर्षी दंगलीला येत नसे.

सुखदेवची गोष्ट वेगळी होती. तो हात पाठीमागे ठेवून उस्तादांकडे बघायचा. उस्तादांनी होकारानं मान खाली केली की हात पुढे. मोहगावच्या दंगलीत मी हे पाहिलं आहे. समोर चांगला तयारीचा पैलवान होता, लोक ओरडत होते, आणि हा लहान लेकरासारखा उस्तादांच्या मानेकडे बघत उभा होता. उस्तादांनी मान हलवली नाही. हा हात मागेच ठेवून बाहेर आला आणि माती झटकत म्हणाला, “चला, भूक लागली.” त्याला ना लाज वाटली, ना राग आला.

व्यावसायिक मुक्केबाजीत मात्र मान दाबून बघणारे म्हातारे नसतात. हौशी स्पर्धेत निदान वजनाचे गट असतात, जोड्यांच्या चिठ्ठ्या निघतात. नशीब काय ते. इथे एक आयोजक असतो. त्याचा एक लाडका मुक्केबाज असतो, त्याच्या नावावर तिकिटं खपतात. त्याला जिंकवायचं असतं, पण जिंकणं खरं दिसलं पाहिजे. म्हणून बाहेरगावचा धट्टाकट्टा, मार खाऊनही उभा राहील असा कोणीतरी शोधतात. हे सगळं फोनवर ठरतं. ज्याला मार बसणार तो त्या फोनवर नसतो. त्याच्या वतीनं बोलणारा एक जण असतो, आणि सुखदेवच्या वतीनं बोलणारा मी होतो.

सुरुवातीला मी नीट बोललो. दोनतीन लढती साफ नाकारल्या. एकदा तर त्याला न विचारताच नाकारली आणि नंतर सांगितलं, तर म्हणाला, “मले कायले सांगता? आलाच नाई तो पाहुणा.” त्याच्या या बेफिकिरीची मला गंमत वाटायची, आणि अभिमानही. आज कळतं की ती बेफिकिरी नव्हती. त्यानं आपली मान माझ्याकडे ठेवायला दिली होती.

मग त्या आयोजकाचा फोन आला. त्याच्या लाडक्याच्या समोरचा मुक्केबाज ऐनवेळी आजारी पडला होता, पोस्टरं लागलेली होती. त्याला सुखदेव हवा होता. समोरचा वजनानं मोठा होता, उंच होता, आणि त्याचा डावा हात मी स्वतः पाहिलेला होता. शिवाय मागच्या लढतीपासून सुखदेवचं डोकं दुखत असे. सराव करता करता तो मध्येच थांबून कपाळ चोळायचा. मी विचारलं की म्हणायचा, उन्हाचं असन. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर हो म्हणायचा, आणि मीही पुढच्या आठवड्यावर ढकलायचो.

मी नाही म्हणणार होतो. तेव्हा तो आयोजक म्हणाला, “मास्तरजी, आप तो जोड़ी पहचानते हैं. आगे से इधर के सारे मुकाबले आप ही तय कीजिए ना.” म्हणजे या बाजूच्या सगळ्या लढती मी लावायच्या. शाळेत शिट्टी वाजवून पोरांना रांगेत उभं करणारा मी, मला टेबलाच्या त्या बाजूला बसायचं होतं. कोणाला कोणासमोर उभं करायचं ते मी सांगायचं, आणि लोकांनी माझ्या फोनची वाट बघायची. एवढ्यासाठी मी हो म्हटलं. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आदल्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये वजनं झाली. वजनानंतर दोघांना समोरासमोर उभं करून फोटो काढतात. तो मुलगा सुखदेवपेक्षा वीतभर उंच दिसत होता. फोटोवाले म्हणाले, हात मिलाइए. त्या मुलानं हात पुढे केला. सुखदेवचा हात पाठीमागे होता. त्यानं वळून मला शोधलं. मी भिंतीशी आयोजकाच्या शेजारी उभा होतो. तो तिथूनच, हळू, आपल्या बोलीत म्हणाला, म्हणजे बाकी कोणाला कळू नये,

“सर, हा पाहुणा आपल्या जोडीचा नाई वाटून राहिला. हात देऊ काय?”

इतक्या वर्षांत लढू की नको, हे त्यानं मला पहिल्यांदाच विचारलं.

मी मान खाली केली. त्यानं हात दिला. फोटो निघाला. त्या फोटोत तो हसतो आहे.

लढतीचं जास्त लिहीत नाही. दुसऱ्याच फेरीत त्याचे पाय जड झाले. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. लढत थांबवायला मी तो रिंगणात फेकला असता तर जोड चुकली हे तिथेच सगळ्यांसमोर उघडं झालं असतं. मी फेरी संपायची वाट पाहिली. फेरी संपली तेव्हा तो स्टुलावर बसला आणि मला ओळखेना. नागपूरच्या दवाखान्यात डोक्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला.

उस्ताद दवाखान्यात आले ते भिंतीला धरून. सुखदेवची बायको कल्पना बाकावर बसली होती. उस्तादांनी मला एकच विचारलं, “जोड कोनं लावली, मास्तर?”

मी म्हटलं, “त्यानंच म्हटलं, लढतो म्हणून. मी अडवत होतो.”

उस्ताद कल्पनाशेजारी बाकावर टेकले. मग म्हणाले, “ज्याले मार नाई बसनार, त्यानं एकट्यानं जोड ठरवाची नसते. म्हून तं आपन चार लोकायत फिरवतो.” त्यांना खरं कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पुढच्या पोळ्याच्या आधी ते गेले. खांदा द्यायला मी होतो.

कल्पनाला मात्र माझं खरं वाटलं. आयोजकानं शब्द पाळला. दोन कार्यक्रमांच्या लढती मी लावल्या. माझ्यासमोर खुर्चीवर बसलेली पोरं दिसायची आणि एकही पोरगं विचारायचं नाही की ही जोड कोणी लावली. तिसऱ्या वेळी मी फोन उचलला नाही. हा काही त्याग नव्हता, मला झोप येत नव्हती.

सुखदेव आता घरीच असतो. मेहुण्याची संत्री अंगणात बसून निवडतो, मोठी एकीकडे, लहान एकीकडे. हात थरथरतो, फळ भलतीकडे पडतं, म्हणून कल्पना मागून त्याचे ढीग पुन्हा तपासते. बोलणं जड झालं आहे, पण पाहुण्याचं अजून तसंच. मी गेलो की आधी पाणी, मग संत्रं, स्वतः सोलून. त्या लढतीच्या आधीचे काही महिने त्याला आठवत नाहीत. तो हॉल नाही, तो हात नाही.

यंदा संत्री उतरली तेव्हा गेलो होतो. कल्पना नेहमीसारखी त्याला टोचत होती. म्हणाली, “सर ना ना म्हनत होते, पन यायलेच भल्ली खाज. बायको, लेकरू, काई दिसलं नाई यायले.” तो हसला. “म्याच म्हटलं असन,” म्हणाला. दरवेळी तो तेच म्हणतो. पण या वेळी संत्रं सोलता सोलता थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

“पन सर, मी कसा म्हटलो असन? मी तं कधी हो बी नाई म्हनत होतो अन् नाई बी. तुमीच पाहत होते ना?”

कल्पना दारात उभी राहिली होती. मी म्हटलं, “जाऊ दे आता.” त्यानं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. मी ते खाल्लं आणि सौंसरची बस पकडली.

मला त्याच्या अंगणात परत जायचं आहे. कल्पनासमोर, चार लोकांसमोर, त्याला सांगायचं आहे की सुखदेव, तू हट्ट केला नव्हतास. तू मला विचारलं होतंस, हात देऊ काय, आणि मान मी हलवली. त्याचं हे एवढं माझ्याकडे राहिलं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.