शंका हाय का? विचारा की

शिकवून झालं की मॅडम आधी स्वतःचा हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "शंका हाय का? विचारा की. कन्नडमदी विचारा, तेलुगूत विचारा, पण विचारा." आम्ही माना डोलवायचो. हात एकट्या त्यांचाच वर.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात त्या प्रशिक्षण अधिकारी होत्या. मूळच्या मंद्रूप गावच्या. मी शिलाई विभागाचा सुपरवायझर. त्यांच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसायचो ते चहा-बिस्किटांसाठी, आणि हे त्यांना ठाऊक होतं. "झोप झाली का साहेब? आता चहा घ्या," असं त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या.

पन्नाशीला टेकल्यावर बाईंनी पीएचडीला नाव घातलं. विषय मनुष्यबळ विकास. कामगार प्रशिक्षणात प्रश्न का विचारत नाहीत, हे त्यांना शोधायचं होतं.

मी म्हटलं, "त्यात काय शोधायचं मॅडम? भ्या वाटतं म्हणून."

"व्हय की. पण ते जातं कसं, तुमाला म्हाईत हाय का?"

मग त्यांनी वर्ग सभागृहातून उचलून मशीनपाशी आणला. स्वतः टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसायला लागल्या. कुणाच्या प्रश्नाला जो हसेल त्यानं सगळ्यांसाठी चहा आणायचा, असा नियम केला. पहिला चहा मीच आणला. हळूहळू बायका बोलत्या झाल्या. शिलाईतली रेणुका, जिचा आवाजही मी कधी ऐकला नव्हता, ती तर थांबेनाच.

शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं, असं त्या सहज बोलून गेल्या. झालं! अख्ख्या विभागानं रजा टाकली. ठेवणीतल्या साड्या निघाल्या, टेम्पो ठरला. विद्यापीठाच्या त्या हॉलमध्ये लग्नाला आल्यासारखे आम्ही घुसलो.

मॅडम छान बोलल्या. पण बाहेरगावच्या परीक्षकांनी चष्मा काढला. "कामगार निर्भयपणे विचारू लागले, असं तुम्ही लिहिता. मला हे पटत नाही. तुम्ही अधिकारी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून विचारत असतील."

इतक्या वर्षांची मेहनत त्या एका वाक्यावर अडकली होती.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "सभागृहातून कुणाला काही विचारायचंय?"

मॅडमचा हात सवयीनं वर निघाला, आणि त्यांनी तो खाली घेतला. मग रेणुका उठली.

"मॅडम, एक शंका हाय. हे झाल्यावर तुमी आमाला सोडून जाणार का?"

हॉलमध्ये हसू पसरलं. अध्यक्ष म्हणाले, "हा प्रश्न विषयाला धरून नाही."

"विषयाचाच आहे, सर," मॅडम म्हणाल्या. मग रेणुकाकडे वळल्या. "व्हय, जाणार हाय. कॉलेजात शिकवायला. तुमाला सांगायचा धीर होईना."

परीक्षकांनी चष्मा चढवला. "हा काही यांना बरं वाटावं म्हणून विचारलेला प्रश्न नाही," म्हणाले आणि हसले. आम्ही टाळ्या वाजवत होतो, आणि डोळेही पुसत होतो.

आता त्यांच्या जागी नवे साहेब आलेत, आणि वर्ग पुन्हा सभागृहात गेलाय. पहिल्याच दिवशी बोलणं संपवून, "समजलं ना सगळ्यांना?" म्हणत ते बॅग उचलायला लागले. समोर रेणुकाचा हात वर होता. साहेब दचकले. "हं, विचारा," म्हणाले. मग एकेक हात वर होत गेला.

मागच्या बाकावरून माझाही गेला.