केसरची तहान

काशीदची केसर नाकावर माशी बसू देत नाही, आणि तिच्या धंद्यात हे काही सोपं नाही. बत्तीस वर्षं ती तालुक्याच्या बाजारात मासळी घेऊन बसते आहे. तिच्याशी भाव करायला आलेली गिऱ्हाइकं भाव विसरून मुकाट पिशवी पुढं करतात. अशी ही बाई जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढून झाल्यावर, हिमालयात साडेबारा हजार फुटांवर एका पिवळ्या तंबूत डोकं धरून बसली होती.

तिला तिथं आणलं होतं लेकीनं. किशोरी अलिबागला शाळेत शिकवते आणि सुट्टी लागली की डोंगर चढते. एकदा तिच्या मोबाइलवर बर्फाचं शिखर बघून केसर म्हणाली, "मना पन वर नेशील का गो?" नवरा गेल्यापासून आईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं किशोरीला आठवत नव्हतं. त्यामुळे ते मागणं तिनं खाली पडू दिलं नाही. वर्षभर केसर रोज संध्याकाळी पाठीला पाच किलो तांदूळ बांधून वाळूतून चालली. गाव हसलं, ती चालत राहिली.

आता शिखर एका दिवसावर आलं होतं. उद्या पहाटे निघायचं, आज शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून विश्रांती. चौदा जणांना घेऊन आलेला गणराज पेणचा, डोंगरांत मुरलेला. सकाळी त्यानं केसरच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"शहात्तर. डोकं दुखतंय ना, मावशी?"

"थोरंसं."

"पाणी पिता का? इथं दिवसाला चार लिटर लागतं."

"पितंय की."

"मग संध्याकाळी परत बघू. आकडा चढला नाही आणि डोकं थांबलं नाही, तर मला तुम्हाला खाली पाठवावं लागेल. रागावू नका."

केसर रागावली नाही. तो गेल्यावर तिनं तंबूच्या कापडाकडं तोंड केलं आणि पडून राहिली. एवढं करून दाराशी येऊन परत जायचं, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं.

किशोरीला मात्र कोडं पडलं. आईची बाटली ती स्वतः भरत होती आणि बाटली रिकामीही होत होती. अंथरूण उन्हात घालायला ती तंबूच्या मागं गेली आणि तिचं कोडं सुटलं. आजूबाजूला सगळी सुकी माती, आणि आपल्याच तंबूमागं दगडाच्या सावलीत चांगला परातीएवढा बर्फाचा पापुद्रा. ती तशीच तंबूत शिरली.

"आये, तू पानी वतून टाकतंस?"

केसरनं बाटली पाठीमागं सरकवली.

"चार दिवस सांगून सांगून माजा घसा सुकला. सगलं पालथ्या घड्यावर पानी. तुला वर जायाचंच न्हाय का?"

"सवय न्हाय गो मना," केसर हळूच म्हणाली. "बाजारात कुठं जायाचा? पहाटे घरशी जाऊन यायचा, ता दुपारी परत घरी. मधी पानी पिलं तं करायचा काय? आमी कोनच पीत न्हाय. तोंड वलं करायचा, बस. आनि इथं ता संडासचा तंबू पार तिकरं. पुरुष च्या पीत बसलेले, त्यांचे समोरशी किती येला जायाचा?"

किशोरीला आठवलं. लहानपणी आई बाजारातून आली की आधी परसात जायची, मग उभ्यानं तांब्याभर पाणी संपवायची. त्या वेळी पोरांनी हाक मारली तर ओ द्यायची नाही. किशोरी समजायची, आई रागात आहे. बाई तहानेनं व्याकूळ झालेली असायची. किशोरीच्या वह्या, तिची फी, तिची नोकरी, सगळं या बाईनं घसा कोरडा ठेवून उभं केलं होतं. किशोरीला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"चुकलंय मी, आये."

"तुला कसं म्हाईत असनार?"

किशोरी स्वयंपाकाच्या तंबूतून गरम पाण्याचे दोन मग घेऊन आली. एक आईला, एक स्वतःला. मग दुपारभर हाच कार्यक्रम. पाणी प्यायचं, आणि थोड्या थोड्या वेळानं दोघींनी त्या लांबच्या तंबूकडं जायचं. आई आत, लेक बाहेर पाठ करून उभी. पहिल्या दोन खेपांना केसरनं लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. चौथ्या खेपेला तिनं हळूच मान वर करून बघितलं. पुरुष पत्ते खेळत होते, आणि तिच्याकडं बघायला कोणाला सवड नव्हती.

साडेपाचला सगळे जेवणाच्या तंबूत जमले. गणराजनं यंत्र लावलं. परीक्षेला पोरांवर डोळे वटारून फिरणारी किशोरी बाहेर बघत उभी राहिली.

"ऐंशी," गणराज म्हणाला. आकडा चढत होता. "चौऱ्याऐंशी. डोकं?"

"न्हाय दुखत."

"खरं?"

"खोटं बोलले तं लेक मना ढकलून दील."

तो हसला. "चला उद्या."

केसर उठली नाही. तिनं हातातला मग बाजूला ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बाजारातल्या आवाजात म्हणाली, "गनराज, आताच सांगून ठेवतंय. उद्या मी पानी पिनार हाय, पोटभर पिनार. म्हंजे वाटंत मना जावा लागंल. दोनदा लागंल, चारदा लागंल. तवा सगल्यांनी थांबायचा, आनि पुरुषांनी तोंडा तिकरं करायची."

गणराजनं यंत्र खिशात ठेवलं.

"थांबू, मावशी," गणराज म्हणाला. "लागेल तेवढ्या वेळा थांबू."

बत्तीस वर्षांत केसरनं ‘माझ्यासाठी थांबा’ असं कोणाला म्हटलं नव्हतं. तिनं रिकामा मग उचलून लेकीपुढं धरला. किशोरीला डोळ्यांतल्या पाण्यापायी किटली नीट दिसेना, म्हणून शेजारी उभ्या आचाऱ्यानंच गरम पाणी ओतलं, आणि केसर सगळ्यांच्या देखत सावकाश प्यायली.