गाण्यातल्या चौघांचा सत्कार

माझ्या पुतणीने रॉक गाणे केले आणि आठवडाभरात ते सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या प्रत्येक मोबाईलवर पोहोचले. गुरुपौर्णिमा जवळ आली होती. अध्यक्षांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि निष्कर्ष काढला की यात चार गुरू आहेत आणि चौघांचाही सत्कार राहून गेला आहे.

मी वृत्तपत्रात बातम्या तपासतो. त्यामुळे गाण्याचा अर्थ लावण्याचे काम माझ्याकडे आले.

"तुमी पेपरवाले," अध्यक्ष म्हणाले. "पुढारी जे बोलत न्हाईत त्याचाबी अर्थ छापता. हितं तर चारच ओळी हायत."

पुतणीला गाणे कुठून कुठून मिळाले, हा त्या गाण्याचा विषय. ओळी अशा:

एकाचा सूर घसरला, मी तो उचलून घेतला
एकानं गाड्या पुकारल्या, मी तशीच हाक दिली
भिंतीपलीकडून अर्धं आलं, उरलेलं मी रचलं
आणि ज्यानं दार लावलं, त्याच्यासाठी मी ओरडले

बाकी वेळ गिटार वाजते.

प्रथेप्रमाणे मी आधी मूळ स्रोत गाठला. पुतणी गिटारची तार बदलत होती.

"चौघे कोण, तेवढं सांग."

"काका, गाणं आहे ते. मतदार यादी नाही."

"निदान चौथा?"

"ऐकणाऱ्याला कळतं." तिने तार ताणली. एवढ्यावर बातमी होत नाही.

पहिले तिघे शोधावे लागले नाहीत, ते आपणहून आले. मागच्या गल्लीतले चाचा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यांना सत्कार मंजूर होता, कारण मंजूर नव्हते. "चादर द्या, खुशीनं घेतो," ते म्हणाले. "पर सूर घसरला म्हणू नका. वरात उतारावर होती." दुसरे, एसटी स्टँडवर गाड्या पुकारून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी एकच चौकशी केली. "कार्यक्रम वेळेवर सुरू होणार असेल तर आधी कळवा. मला सवय नाही." पुतणीच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मावशी घरात तेलुगू गाणी गुणगुणतात. त्यांचे सगळे घर यंत्रमागावर आहे. त्या हसल्या. "आमच्याच मागावरची चादर, आमच्याच अंगावर? शाल आणा की, काश्मीरची."

राहिला चौथा. पुतणीचे वडील म्हणजे माझा थोरला भाऊ. सोसायटीत त्याला पेटीमास्तर म्हणतात. 'सा' कुठे असतो, हे पुतणीचे बोट धरून पहिल्यांदा त्याने दाखवले. गाण्यात पेटीचा उल्लेख नाही. चौथी ओळ त्याची नसेल, तर तो मुलीच्या गाण्यात कुठेच नव्हता. हे तो बोलून दाखवत नसे. जिन्यात भेटला की फक्त विचारी, "ठरले का चौघे?"

"तिघे ठरले."

"म्हणजे एक राहिला," असे म्हणून तो जिना उतरे.

बैठकीत मात्र त्याने हात वर केला. "ती वाजवायला बसली की दार मी लावायचो."

"थांबा, पेटीमास्तर," अध्यक्ष उठले. ते समोरच्याच घरात राहतात. "दार मी लावायचो. तुमचं नुसतं लागायचं, माझं आपटायचं. फळीवरची शेंगाची चटणी सांडायची. ती ओरडली ती माझ्यामुळं."

"तुम्ही कंटाळून लावायचा," भाऊ म्हणाला.

"मग तुमी काय आनंदानं लावत होता?"

भाऊ खाली बसला. ज्या बापाने मुलीच्या गाण्यावर दार लावले त्याला गुरू म्हणायचे की नाही, यावर बराच खल झाला. अध्यक्षांना म्हणता येत असेल तर बापालाही म्हणता येईल, असे एक मत पडले. अखेर दोघांनी प्रत्यक्ष दार लावून दाखवावे आणि पाहणाऱ्यांनी निर्णय द्यावा, असे ठरले.

रविवारी सकाळी सगळे भावाच्या घरात जमले. पुतणीची हरकत नव्हती, तिला तसाही सराव करायचा होता. तिने आपल्या खोलीत गिटार स्पीकरला जोडली आणि गाणे सुरू केले. समोरच्या घरात अध्यक्षांनी दार आपटले. त्यांची नावाची पाटी खाली पडली. टाळ्या वाजल्या. पाटी हातात घेऊन ते परत आले. स्टँडवाल्या गृहस्थांनी पुकारा केला, "पुढील दार, पेटीमास्तर."

पुतणी थांबली. भाऊ स्वयंपाकघरातून हात पुसत आला. आम्ही त्याला वाट करून दिली. तो खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबेल, मूठ धरेल आणि दार आपल्याकडे ओढेल, अशी आमची समजूत होती. तो उंबरा ओलांडून आत गेला.

"जरा मागं सरका," तो आम्हाला म्हणाला आणि त्याने आतून दार लावले.

आतले बोलणे ऐकू आले.

"कडी?" पुतणीने विचारले.

"लावली. पोटातून आवाज काढ. लाजायचं नाही."

मग गाणे सुरू झाले, आधीपेक्षा पुष्कळ मोठे. दाराची फळी थरथरू लागली. आम्ही बाहेर उभे राहिलो.

"म्हणजे मास्तर आत बसायचे?" अध्यक्षांनी मला विचारले.

"तसं दिसतंय."

"व्हय की," मावशी म्हणाल्या. "कडी लागली की हिचा आवाज दुप्पट. मला भिंतीतून सगळं कळतंय ना. लोकांसमोर तोंड उघडायची नाही पोरगी. बाप म्हणायचा, आता कुणी नाही, ओरड."

"मग माझं दार?"

"तुमचं दार ऐकू कुणाला जाणार त्या गोंधळात?"

अध्यक्षांनी हातातली पाटी काखेत मारली. चाचांनी कान फळीला लावला होता. "यहां घसरतीय," ते समाधानाने म्हणाले. "मेराच हाय वो."

निर्णय सांगण्यासाठी अध्यक्षांनी दार ठोठावले. मग मी ठोठावले. मग स्टँडवाल्या गृहस्थांनी भावाच्या नावाचा दोनदा पुकारा केला. आत कोणालाही ऐकू गेले नाही.

गाणे संपले. अध्यक्षांनी पुन्हा हात उचलला, पण तेवढ्यात आतून भावाचा आवाज आला.

"शेवटची ओळ घाईत गेली. परत घे."