वरच्या वाडीचं कोयनेल

धोंडाबाई शेडगेला चालताना धाप लागायची, आणि सरकारने तिला ठेवलं होतं नेमकं चालायच्याच कामाला. दर सोमवारी आणि शुक्रवारी ती लोणावळ्याच्या दवाखान्यात यायची, माझ्याकडून कोयनेलच्या, म्हणजे हिवतापावरच्या क्विनाइनच्या, गोळ्यांचा पत्र्याचा डबा भरून घ्यायची आणि कुसगावच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीवर परत जायची. तिथे घरोघर फिरून माणसागणिक एकेक गोळी हातावर ठेवायची आणि ती आपल्या डोळ्यांदेखत गिळायला लावायची. मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. धोंडाबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने येऊन सांगायचं आणि मी रजिस्टरात प्रत्येकाच्या नावापुढे खूण करायची. आज दहा वर्षं झाली तरी ते रजिस्टर आठवलं की माझं डोकं फिरतं.

सदतीस सालची गोष्ट. मावळात तेव्हा हिवताप कुणाला येतो असं कुणी विचारत नसे, या वर्षी किती वेळा आला एवढंच विचारत. भाद्रपद-अश्विनात भातखाचरं उभी असायची आणि माणसं आडवी. शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. सरकारने यावर संशोधन करायला तीन वर्षांची ग्रँट मंजूर केली, तिसऱ्या वर्षाचे पैसे मात्र आधीच्या दोन वर्षांचं काम बघून द्यायचे, आणि पुण्याहून गुर्जर डॉक्टर आले. त्यांनी ओढ्याच्या दोन अंगांच्या दोन वाड्या निवडल्या. वरच्या वाडीला कोयनेल द्यायचं, खालच्या वाडीला काही द्यायचं नाही, आणि सुरुवातीला एकदा व दोन वर्षांनी पुन्हा दोन्हीकडच्या माणसांची पोटं दाबून बघायची. वरच्या वाडीची पाणथरी उतरली आणि खालचीची तशीच राहिली, तर गोळीचा गुण सिद्ध झाला. मग पैसे मिळणार आणि साऱ्या मावळाला गोळ्या मिळणार. डॉक्टर माणूस प्रामाणिक होता. पायाला फोड येईपर्यंत हिंडून त्यांनी नकाशा काढला होता. त्यात ओढा होता, विहिरी होत्या, गोठेसुद्धा होते.

नव्हती ती सोयरीक. वरच्या वाडीत सगळे शेडगे, खालच्या वाडीत सगळे केदारी. एका भावकीत लग्न होत नाही, तेव्हा वरच्या वाडीच्या बहुतेक लेकी खालच्या वाडीत दिलेल्या. आणि त्या वाड्यांत लेकीचा वाटा काढल्याशिवाय कुणी काही तोंडात घालत नाही. नवा तांदूळ असो, फणस असो, ओंजळभर करवंदं असोत, आधी पोरीच्या घरी धाडायचं. हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही, कारण हे काही सांगायचं असतं असं कुणाला वाटलंच नाही. मलाही नाही.

पहिल्या वर्षी लोक गोळी घ्यायला तयार नव्हते. धोंडाबाई उंबऱ्यात बसून दम खायची आणि म्हणायची, "अगं कडू कुटं हाय? गुळावानी लागती. घे, गीळ." बाया हसायच्या आणि घ्यायच्या. ती विधवा, पंचेचाळिशीची, अंगावर मूठभर मांस नाही. पगार महिन्याला तीन रुपये. पण त्या डब्याचा तिला असा काही मान वाटायचा की तो ती डोक्यावर न घेता दोन्ही हातांत धरून न्यायची.

तिला एकच लेक होती, मुक्ताबाई. अर्थातच खालच्या वाडीत दिलेली. मुक्ताची दोन पोरं पोटातच गेली होती, दोन्ही वेळा तापात. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा धोंडाबाई दवाखान्यात येऊन नुसती बसून राहायची. एकदा विचारलं, "भाऊ, खालच्या वाडीला कधी देनार गोळ्या?"

"तीन वर्षांनी. गुण आला तर."

तिने डबा उचलला आणि वाडीची वाट धरली.

त्या शिमग्याला मी एका भाजलेल्या माणसाला मलम लावायला खालच्या वाडीत गेलो होतो. मुक्ताच्या दारावरून जाताना बघितलं, धोंडाबाई लेकीच्या हातावर गोळी ठेवत होती. मला बघून ती उठली. पदराचं टोक तिच्या हातात होतं आणि त्याची गाठ सुटलेली होती.

"भाऊ, ही माजी हाय," ती म्हणाली. "माज्या वाटनीची. डब्यातली दुसऱ्या कुनाची न्हाई. देवाशपथ."

तिचंही नाव रजिस्टरात होतं, ती वरच्या वाडीचीच. मी मान हलवली आणि चालू लागलो. एका गोळीने काय होतंय, असं मनाशी म्हटलं. पुढच्या सोमवारी तिच्या नावापुढे खूण केली, शुक्रवारी पुन्हा केली. श्रावणात मुक्ताला मुलगी झाली. जिवंत, धडधाकट, कर्कश रडणारी. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण धोंडाबाईचं बघून वाडीतल्या बाकीच्या आयाही पदराला गाठ मारायला लागल्या होत्या, ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नाही, असं म्हणणं जास्त खरं.

दोन वर्षं सरली. एकोणचाळीसच्या कार्तिकात डॉक्टर मोठ्या तपासणीला आले. दोन दिवस खालची वाडी, दोन दिवस वरची. देवळाच्या ओट्यावर घोंगडी अंथरायची, माणसाने निजायचं, डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली बोटं रुतवायची, मी लिहायचं. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी कागद जुळवून बघितले आणि चष्मा काढून डोळे चोळले. दोन्ही वाड्यांची पाणथरी थोडी थोडी उतरली होती. दोन्हींची सारखीच.

शेवटी धोंडाबाई निजली. डॉक्टरांनी तिचं पोट दाबलं, परत दाबलं.

"चार बोटं," ते म्हणाले. "हिच्या किती गोळ्या चुकल्यात?"

मी रजिस्टर उघडलं. तिच्या ओळीत एकही घर रिकामं नव्हतं.

"एकही नाही, साहेब."

"दोन वर्षांत एक चुकली नाही, आणि चार बोटं पाणथरी!" डॉक्टर ओट्याच्या कडेला बसले. "बंद करा ते रजिस्टर. ताप यंदा आपला आपणच कमी झालाय. गोळीचा यात काही गुण नाही. तिसऱ्या वर्षाचे पैसे आता कोणत्या तोंडाने मागू?"

धोंडाबाई निजल्या जागी ऐकत होती. ती गप्प राहिली असती, तर तिला कुणीही काही म्हटलं नसतं. गोळी वाईट ठरली असती, ती नाही. ती हळूच उठून बसली. लुगडं सारखं केलं.

"सायेब, गोळीला नावं ठिवू नगा. म्या येकबी खाल्ली न्हाई."

डॉक्टरांना कळेना. मग तिने सगळं सांगितलं. आपली मुक्ता सांगितली, वाडीतल्या कुठल्या आईची लेक खाली कुठल्या घरात आहे ते सांगितलं. "पुरुषमानसं गिळायची. आमी बायका न्हाई गिळायचो. पोरांच्यातली बी थोडी काडून ठिवायचो. लेकीबिगर कसं खावं? खालची वाडी बी तुमच्याच गोळीनं बरी झालीया, सायेब. दोन वाड्या बऱ्या केल्या तुमी. बंद नगा करू."

डॉक्टरांनी हातातले कागद खाली ठेवले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान वळवली आणि मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "ती सांगायची, मी खूण करायचो."

धोंडाबाई माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने बघितलं नाही. घोंगडीची घडी घालत होती.

डॉक्टरांनी आहे ते सगळं लिहून वर पाठवलं आणि तिसरं वर्ष मागितलं, दोन्ही वाड्यांना गोळ्या देऊन. सहा महिने काही उत्तर नाही. दर सोमवारी धोंडाबाई रिकामा डबा घेऊन यायची, मी "अजून नाही" म्हणायचो आणि ती तसाच परत न्यायची. ज्येष्ठात कागद आला. काम भरवशाचं झालेलं नाही, सबब पुढचा खर्च करता येत नाही; गोळ्या वाटणाऱ्या बाईला कामावरून कमी करावं. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तिला ते वाचून दाखवलं. तिने डबा माझ्या टेबलावर ठेवला, आतून पदराने पुसून, आणि गेली.

मी तेव्हाच लिहायला हवं होतं की मला माहीत होतं. लिहिलं नाही. नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर भीती होती. भित्रा माणूस कारणं शोधत बसतो, माझं तेही करून झालं.

त्या अश्विनात दोन्ही वाड्या सारख्याच कुडकुडल्या. मोजायला कुणी आलं नाही. एका सकाळी धोंडाबाई दवाखान्यात आली, एकटीच, भिंत धरत धरत. डोळे पिवळे, अंग भाजत होतं. दवाखान्याच्या साठ्यात कोयनेल थोडं असायचं, त्यातली एक गोळी काढून मी तिच्या हातावर ठेवली. तिचा दुसरा हात आपोआप पदराकडे गेला.

"धोंडाबाई," मी म्हणालो, "मुक्तासाठी वेगळी देतो. पोरीसाठीही देतो. ही इथंच घ्या, माझ्यासमोर."

पदर तिने सोडला. मी पाण्याचा पेला दिला. दोन वर्षांत जिच्या नावापुढे मी दोनशेवर खुणा केल्या होत्या, तिने घेतलेली ही पहिली गोळी. तिला गिळायचीही सवय नव्हती, ती जिभेवरच विरघळली. तिचं तोंड एवढंसं झालं. डोळ्यांत पाणी आलं आणि थांबेना. मला वाटलं उलटी होतेय म्हणून मी भांडं पुढे केलं. ते तिने बाजूला सारलं.

"लय कडू हाय वो, भाऊ," ती म्हणाली. "येवडी कडू, आन् मुक्ती मला कदी बोलली न्हाई."