हंड्याच्या गाठी

आईच्या, मोठ्या बहिणीच्या आणि माझ्या टाचांच्या वर, मागच्या शिरेवर, सुपारीएवढ्या गाठी. आमच्या सूर्यमाळच्या घरात त्यांना हंड्याच्या गाठी म्हणायचे. उन्हाळाभर डोंगर उतरायचा, दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढायचा. मग गाठी येणारच, त्यात विचारायचं काय! आई त्याच वाटेवर हंड्यासकट खाली बसली आणि गेली. चाळिशीही उलटली नव्हती. आम्ही उन्हावर खापर फोडून मोकळे झालो.

पोशेऱ्याहून आलेली भावजय मोठी फटकळ. एकदा अंगणात पाय धुताना म्हणाली, "तुमच्या दोघींपेक्षा जास्त पाणी मी वाहिलंय. मग मला का नाय गाठी?" सगळ्या हसलो. रात्री मला मात्र झोप लागेना.

मी जव्हारला शाळेत शिकवते. बहिणीला अक्षरशः ओढत तिथल्या दवाखान्यात नेलं. दोघींच्या रक्तात कोलेस्टेरॉल भरमसाट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठी त्याच्याच, आणि हे खाण्यामुळे नाही, आईकडून आलंय. हृदय सांभाळायचं तर गोळी रोज, जन्मभर.

बहीण भडकली. "नागलीची भाकर नि ठेचा खाते मी. तेल बघते ते सणाला!"

महिन्याभराने तिच्या घरी गेले, तर तिच्या पाकिटातल्या दोनच गोळ्या कमी. एक लग्नात जेवली त्या दिवशीची, एक घरी कोंबडी शिजली त्या दिवशीची. तेल पोटात गेलं तरच गोळी, असं तिनं ठरवून टाकलेलं. माझं डोकंच फिरलं. "बस मग आईसारखी वाटेत!" बोलून गेले, आणि लगेच वाईट वाटलं. ती चूल फुंकत राहिली.

तिची बारावीतली मुलगी सुट्टीला आली होती. ओट्यावर पाय पसरून बसलेली. बहीण उठली, तिच्याजवळ बसली.

"पाय दे इकडं."

टाचेच्या वरून तिनं अंगठा फिरवला. पोरगी गुदगुल्यांनी खिदळत होती. अंगठा एका जागी थांबला. मग दुसऱ्या पायावर, तिथंच.

"ही तर सहावीपासून वसतिगृहात," बहीण मला म्हणाली. "नळाचं पाणी पिते. हिनं हंडा कधी उचललाय?"

मला रडूच आलं.

तिनं पदराने हात पुसले. "आजची गोळी दे. नि सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी येतो तुझ्यासंगं."