तर्जनीची खबर

वडिलांच्या उजव्या मनगटात पटाशी घुसली तेव्हा मी सांगलीत एका दैनिकात होतो. मिरजेत ते तानपुऱ्याची जवारी काढत. तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं घासून किंचित उतरता करायचा, म्हणजे तारेला झणकार येतो. केसभर जास्त घासलं तर आवाज बसतो. तो उतार वडील तर्जनीच्या टोकानं चाचपत. डोळ्यांना तो दिसत नाही.

पटाशीनं मनगटातला मज्जातंतू तोडला होता. तो शिवल्यावर डॉक्टरबाईंनी समजावलं की, जखमेपलीकडचे धागे आता मरतील, पण त्यांची पोकळ वेष्टणं राहतील. अलीकडची टोकं त्यांतून पुढे वाढतील, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. वडिलांनी विचारलं, बोटाला पहिल्यासारखं कळेल का? कळेल, त्या म्हणाल्या. पहिल्यासारखं, याची खात्री त्यांनी दिली नाही.

मी ते काम शिकलो नव्हतो. तर्जनी परतली नाही तर आमच्या घरातली जवारी तिथंच संपणार होती.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं कोरडी पडली. त्यांना घाम येईना. हात पाण्यात बुडवून ठेवला की करंगळीला सुरकुत्या पडत. तर्जनी गुळगुळीत राही.

वाढणारं टोक कुठवर आलं हे टिचकी मारून कळतं. तिथं टिचकी बसली की बधिर बोटांत मुंग्या धावतात. वडील सतारीच्या दांडीवर पडद्यांच्या खुणा करत, तशा त्यांनी तळहातावर सुतारी पेन्सिलीनं रेघा ओढल्या. दर रविवारी मी घरी गेलो की नवी रेघ थोडी पुढे असे.

"पाव्हणं कुठवर आलं?" आई विचारायची.

पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं. हातात खरंच कुणी परकं शिरतंय असं तिला वाटू लागलं. त्या हातानं पाण्याचा तांब्या दिलेला तिला चालेना.

सहा-सात महिन्यांनी रेघ तर्जनीच्या टोकाला पोचली. वडिलांनी डोळे मिटले. मी तर्जनीवर कुंचल्याचा केस टेकवला.

"अंगठा," ते म्हणाले.

पुन्हा टेकवला. पुन्हा अंगठाच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, अंगठ्याचे काही धागे तर्जनीच्या वेष्टणात शिरले आहेत. मेंदू मात्र जुनाच पत्ता वाचतो.

एका गायिकेचा तानपुरा अपघातापासून फळीवर पडून होता. वडिलांनी तो मांडीवर घेतला. डावा हात कानशीला, उजवा चाचपायला. तर्जनी घोडीवरून फिरली, उंचवटा अंगठ्याखाली जाणवला. अंगठा घोडीच्या दुसऱ्या कडेला टेकलेला होता. सवयीनं त्यांनी ती कड घासली. घोडी वाया गेली.

दुसरी घोडी बसवून त्यांनी अंगठा उचलला आणि हवेतच ठेवला. डोळे मिटून तर्जनी हाडावरून सरकवली. उंचवटा आला की हवेतला अंगठा दचकायचा. मग तर्जनीखालची जागा घासायची. दुपारभर हे चाललं. आई दारापर्यंत आली आणि परत गेली.

संध्याकाळी त्यांनी तार छेडली. झणकार लांबवर टिकला.

"झाली," वडील म्हणाले. "नेऊ दे त्यांना."

तानपुरा त्यांनी माझ्याकडे दिला. मी त्यावर कापडी गवसणी घालताना माझं नख घोडीवरून ओढलं गेलं, आवाजही झाला नाही. वडील समोर बसले होते, हात मोकळा, कशालाही न टेकलेला. त्यांचा अंगठा दचकला.