आत्याने बसवलेले कान

आत्या कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात आणि आत्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून त्यांत दात रचते. तिने बसवलेली कवळी हलत नाही, अशी तिची ख्याती. "शिंकलं तरी जागची हलता कामा नये," असं ती म्हणते आणि शिंकूनही दाखवते, स्वतःचे सगळे दात शाबूत असताना.

रविवारी ती आमच्या चर्चच्या मंडळीत स्तुतिगीतं गाते. बँड घरचाच. ड्रमवर माझा धाकटा काका, ज्याला सगळे ठोक्या म्हणतात. दुसऱ्या आवाजाला आत्याची सून. बास गिटार माझ्याकडे. उपासना संपल्यावर कोणी आत्याला म्हणालं, "काय गायलात हो," तर ती विचारते, "तुम्ही गायलात का?" समोरची माणसं गायली नाहीत तर तिच्या लेखी ती उपासना नाहीच, नुसता कार्यक्रम.

परदेशातल्या काही मंडळ्यांनी आम्हाला दौऱ्यावर बोलावलं तेव्हा ती हरखून गेली. तिकडच्या भाषेतली ध्रुवपदं तिने कवळ्या घासता घासता पाठ केली. आणि निघायच्या आधी तिच्या डोक्यात एक कल्पना आली. वाजवताना आम्ही कानांत छोटे इअरफोन घालतो. त्यांतून एकमेकांचं गाणं-वाजवणं ऐकू येतं आणि ताल धरायला एकसारखी टकटक. आमचे इअरफोन ढिले होते. ठोक्याचा तर मान हलवली की खांद्यावर यायचा. आत्याने एकेकाला खुर्चीत बसवलं, दातांचे साचे घ्यायचा मऊ लगदा कानात भरला आणि ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचं बूच ओतून त्यात इअरफोन बसवला. रंग कवळीच्या हिरडीचा, गुलाबी.

"ताई, दात तेवढे लावू नकोस," ठोक्या म्हणाला.

"गप्प बस आणि शिंकून बघ."

तो शिंकला. काही हललं नाही. रिकाम्या खोलीत तालीम केली तर आवाज काचेसारखा स्वच्छ. आम्ही बेहद्द खूश.

पहिल्या गावातली सभा एका मोठ्या प्रार्थनामंदिरात होती. दिवे थेट आमच्या डोळ्यांवर, समोर काळोख. ध्रुवपद आल्यावर आत्याने माईक लोकांकडे धरला. कानात आमचं वाजवणं आणि टकटक, बाकी शुकशुकाट. तिने पुन्हा धरला. पुन्हा टकटक. सभा संपल्यावर लोकांनी हात हातात घेतले, चहा दिला, "फार छान" म्हणाले. आमची व्हॅन चालवणारी बाई दुभाष्याचंही काम करायची. ती म्हणाली, "सगळ्यांना आवडलं." दुसऱ्या गावातही हेच झालं.

"लाजाळू असतील इकडची माणसं," व्हॅनमध्ये सून म्हणाली.

"लाजाळू कसली? चहाच्या वेळी बघ किती बोलतात," ठोक्या म्हणाला.

आत्याने ध्रुवपदांचा कागद काढला आणि ती उच्चार पुन्हा घोटू लागली.

तिसऱ्या गावी पोचल्यावर, पाहुण्यांच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करताना ती सुनेला म्हणाली, "आजची सभा मी गाते. पुढच्या गावापासून तू पुढे उभी राहा. घरी गेल्यावरही तूच."

"आई, असं काय बोलता?"

"मी गायले की लोक ऐकत बसतात. देवाने मला यासाठी उभं केलेलं नाही गं. तू उभी राहिलीस तर गातीलही."

एरवी ठोक्याने काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी तो ड्रमच्या काठ्या पुसत बसला, पुसायला त्यांवर काही नसताना.

सभा शाळेच्या जेवणघरात होती, टेबलं भिंतीला सारलेली. शेवटच्या गाण्याच्या मध्यावर तिथले पाळक पुढे आले आणि आत्याच्या कोपराला हात लावून काहीतरी बोलले. ते ऐकायला तिने उजव्या कानातलं बूच काढलं. पाळक काय म्हणाले ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आत्याचा आवाज आमच्या कानांत एकदम तुटला. उरलं फक्त आमचं वाजवणं आणि टकटक. ती शब्द विसरली असं वाटून ठोक्या वाजवता वाजवता तोंडाने शब्द सुचवू लागला. तेवढ्यात ती वळली, स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि जोरात खुणावलं, काढा.

आम्ही काढले. अख्खं जेवणघर गात होतं. मागच्या बाजूला पुरुषांचा जाड आवाज, त्यावर बायकांची वेगळीच चाल, आणि पहिल्या रांगेत डोळे मिटलेले एक आजोबा, सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे, पण भरल्या गळ्याने. आत्याने माईक खाली केला आणि गाणं संपेपर्यंत नुसती ऐकत उभी राहिली.

नंतर तिने व्हॅनवाल्या बाईला गाठलं. "हे लोक आजच गायले का?"

"आज? पहिल्या गावापासून सगळीकडे गाताहेत. तुम्ही माईक पुढे करायचात आणि लोक सुरू झाले की त्यांच्या आवाजावरून गात पुढे निघून जायचात. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे अशीच पद्धत असेल. दुसऱ्या गावी तर मुद्दाम मोठ्याने गायले. घसे बसले बिचाऱ्यांचे."

आत्याने आमच्याकडे पाहिलं, मग तळहातावरच्या गुलाबी बुचाकडे. आणि ती जी हसत सुटली ती स्पीकरवर बसूनच थांबली. "मेल्यांनो, माईकला लांबचं ऐकू येत नाही आणि कान मी कवळीसारखे बसवले. वारासुद्धा आत शिरायला नको, असं."

सकाळी यजमानांच्या स्वयंपाकघरात तिने गॅसवर सुई तापवली आणि प्रत्येक बुचाला आरपार बारीक भोक पाडलं. तिच्या कामाच्या टेबलाला येतो तोच जळका वास घरभर पसरला.

"कवळीला असं भोक पाडलं असतं तर पेशंटने मला कच्चं खाल्लं असतं," ती म्हणाली.

सून शेजारी उभी होती. "मग आज पुढे कोण?"

"मीच. तू घाई करू नकोस. पण एक कडवं तुझं."

चौथ्या गावी आत्याने ध्रुवपद उचललं, माईक पुढे केला आणि थांबली. भोकातून आधी खोकला आला, मग खुर्च्यांची करकर, मग गाणं. टकटक पुढे धावत होती आणि लोक आपल्या चालीने येत होते.

"ताई, ही माणसं लय मागे ओढताहेत," ठोक्या मागून ओरडला.

"ओढू देत. तू ती टकटक बंद कर आणि यांच्या मागून ये."

त्याने पाय उचलून खालचं बटण दाबलं. टकटक थांबली.